हेमाद्रीची टीका आणि मराठी घरातील पथ्यविचार

हेमाडपंत हे नाव मराठी माणसास सामान्यतः तीन गोष्टींमुळे परिचित असते : चुन्यावाचून रचलेली दगडी देवळे, मोडी लिपी आणि बाजरी. पहिल्या दोहोंविषयी विद्वानांनी पुष्कळ ऊहापोह केला आहे. तिसरी गोष्ट लोककथेच्याच प्रांतात राहिली आहे, आणि तेथेच ती राहिलेली बरी. परंतु देवगिरीच्या याच श्रीकरणाधिपाने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली आणि तीत दिनचर्या, ऋतुचर्या व अन्नपान यांचे विवरण केले, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांखेरीज इतरांस क्वचितच ठाऊक असते. छत्रपती संभाजीनगर येथील आपल्या विद्यापीठापासून देवगिरीचा किल्ला हाकेच्या अंतरावर आहे. शेजारच्या या वारशाची दखल इतिहास व भाषा या दोन्ही विषयांच्या अभ्यासकांनी घ्यावी, एवढ्याच हेतूने प्रस्तुत लेखन केले आहे.

मराठी घरातील खाण्यापिण्याच्या सवयींविषयी दोन विधाने वारंवार ऐकू येतात. एक असे की, आपल्या पूर्वजांचे ताट आयुर्वेदाने वाढलेले होते. दुसरे याच्या अगदी उलट : ‘उष्ण’, ‘थंड’, ‘वातूळ’ ही सारी आजीबाईची बडबड असून तिला शास्त्राचा आधार नाही. दोन्ही विधाने आवेशाने केली जातात आणि दोन्ही तपासली मात्र जात नाहीत. माझा व्यवसाय भाषेच्या अभ्यासाचा आहे, वैद्यकाचा नव्हे. कोणता पदार्थ कोणास हितकर याविषयी मत देण्याचा मला अधिकार नाही. परंतु कोणता विचार कोणत्या वाटेने घरात शिरला, हे शोधण्याचे एक साधन भाषाभ्यासकाजवळ असते, ते म्हणजे शब्द. शब्द कोठून आला, किती झिजला, त्याचा अर्थ कोणत्या बाजूस कलला, यावरून पुष्कळ कळते.

प्रथम देवगिरीचा परिसर पाहू. तेराव्या शतकातील यादवांच्या या राजधानीत वैद्यक ही एकाकी विद्या नव्हती. सिंघणाच्या दरबारी (सुमारे १२१०–१२४७) असलेला ‘संगीतरत्नाकर’कार शार्ङ्गदेव हा काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या घराण्यातला. तोही श्रीकरणाच्या, म्हणजे राज्याच्या लेखाखात्याच्या कामाशी संबंधित होता. संगीतावरील आपल्या ग्रंथाच्या आरंभीच त्याने गर्भोत्पत्ती व शरीररचना यांचे प्रकरण घातले आहे. नाद उत्पन्न होतो तो शरीरात, तेव्हा आधी शरीर समजले पाहिजे, हा त्याचा युक्तिवाद. त्यानंतरच्या पिढीत हेमाद्रीच्या आश्रयास असलेला बोपदेव हा वैद्य केशवाचा पुत्र. ‘मुग्धबोध’ व्याकरणाचा कर्ता म्हणून तो प्रसिद्ध आहे, आणि बंगालमध्ये ते व्याकरण कित्येक शतके पाठशाळांतून चालले. परंतु याच बोपदेवाने पित्याच्या ‘सिद्धमंत्र’ या ग्रंथावर ‘प्रकाश’ नावाची टीका लिहिली. ‘सिद्धमंत्रा’त द्रव्यांचे वर्गीकरण त्यांच्या वातादी दोषांवरील परिणामानुसार केलेले आहे. बोपदेवाचा ‘हृदयदीपक’ हा निघंटू तर भाषेच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावा. त्यात वनस्पतींची मांडणी गुणांनुसार किंवा जातींनुसार नाही. ज्या द्रव्याची नावे सांगावयास श्लोकाचे चार चरण लागतात ती आधी, तीन चरणांची नंतर, मग दोन, मग एक, आणि शेवटी दोन व एकच नाव असलेली द्रव्ये, अशी ती मांडणी आहे. वैद्याच्या घरात जन्मलेल्या वैयाकरणालाच असे सुचावे!

या मंडळात हेमाद्रीचे स्थान मध्यवर्ती होते. महादेव (१२६१–१२७१) आणि रामचंद्र या दोन राजांच्या कारकिर्दीत तो अधिकारपदावर होता. त्याची कीर्ती ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या धर्मशास्त्रावरील प्रचंड ग्रंथामुळे आहे. त्यातील व्रतखंड आणि दानखंड पाहिले म्हणजे एका मनुष्याच्या नावे इतके लेखन कसे झाले असेल, असा प्रश्न पडतो. हाताखाली पंडितांचा वर्ग होता, हे त्याचे सरळ उत्तर. या ग्रंथानंतर हेमाद्री वैद्यकाकडे का वळला? याचा खुलासा त्याने टीकेच्या आरंभी स्वतःच केला आहे. चतुर्वर्गचिंतामणीत सांगितलेली व्रते, दाने इत्यादी सिद्धीस जाण्यास आरोग्य हे अंग आवश्यक आहे, आणि त्या आरोग्याच्या सिद्धीसाठी, चरक, हारीत, सुश्रुत इत्यादींच्या मतास अनुसरून, समजण्यास सुलभ अशी ही टीका आपण रचीत आहोत, असे तो म्हणतो.

हे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. आरोग्य येथे मोक्षाचे साधन म्हणून येत नाही, किंवा दीर्घायुष्याचे आमिष म्हणूनही येत नाही. वर्षभराची व्रते पार पाडावयाची तर प्रकृती धड पाहिजे, एवढा व्यवहारी हिशेब त्यामागे आहे. राज्याचे जमाखर्च पाहणाऱ्या अधिकाऱ्याला तो शोभतो. धर्मशास्त्र मनुष्याला उपाशी राहावयास सांगते आणि वैद्यक वेळच्या वेळी जेवावयास सांगते. एकाच लेखकाने या दोन्हींचे ग्रंथ लिहावे आणि दुसरा पहिल्याचे अंग म्हणून लिहावा, ही घटना मराठी संस्कृतीच्या इतिहासात लक्षणीय आहे.

‘आयुर्वेदरसायन’ आज सूत्रस्थानावर पूर्ण आणि इतर स्थानांच्या काही भागांवर उपलब्ध आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने सूत्रस्थानाचा दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतचा भाग महत्त्वाचा. दिनचर्या, ऋतुचर्या, वेगांचे धारण न करणे, द्रवद्रव्ये, अन्नाचे स्वरूप, अन्नाचे रक्षण आणि शेवटी ‘मात्राशितीय’, म्हणजे मापाने खाण्याचा अध्याय, असा तो क्रम आहे. मात्राशितीयातील मुख्य सूत्र सोपे आहे. कुक्षीचे चार भाग कल्पावे. दोन अन्नाने भरावे, एक पेयाने, आणि चौथा वाताच्या संचारासाठी मोकळा ठेवावा. पचण्यास जड पदार्थ अर्ध्या तृप्तीपर्यंतच खावे, हलके पदार्थही अति तृप्ती होईपर्यंत खाऊ नयेत. पथ्य आणि अपथ्य एकत्र खाणे, आधीचे पचण्यापूर्वी पुन्हा खाणे, आणि अवेळी अथवा फार कमी-जास्त खाणे, या तीन दोषांना तेथे समशन, अध्यशन आणि विषमाशन अशी निरनिराळी नावे आहेत. आज ज्यास आपण ‘सारखे काहीतरी तोंडात टाकणे’ म्हणतो त्याला हे शास्त्र अध्यशन म्हणते.

त्याच अध्यायात नित्य सेवन करावयाच्या आणि नित्य सेवन न करावयाच्या पदार्थांच्या दोन याद्या आहेत. पूर्वजांचे ताट आयुर्वेदाने वाढले होते, असे म्हणणाऱ्यांनी त्या एकदा डोळ्यांखालून घालाव्या. नित्य सेवनाच्या यादीत साळीचा व साठीचा तांदूळ, गहू, जव, मूग, कोवळा मुळा, पडवळ, आवळा, द्राक्षे, डाळिंब, तूप, दूध, मध, साखर, सैंधव ही नावे येतात. ज्वारी नाही, बाजरी नाही, तूर नाही. चरकाच्या धान्यवर्गात जूर्णाह्व नावाने ज्वारी येते असे मानतात. वाग्भटाच्या या निवडक यादीत तिला प्रवेश नाही. राळा, कोद्रू, सावा यांना तो तृणधान्ये म्हणतो, म्हणजे गवताचे धान्य, आणि त्यांचे वर्णन थंड, हलके, वात वाढविणारे असे करतो. आता मराठवाड्याच्या कोरडवाहू जमिनीवर शतकानुशतके काय पिकत आले? साळीचा भात रोज खाणारी किती घरे या प्रदेशात असतील? ज्या शास्त्रावर देवगिरीत टीका लिहिली जात होती, त्याचे आदर्श ताट देवगिरीच्या पायथ्याशी असलेल्या शेतकऱ्याचे नव्हते.

निषिद्ध यादी तर अधिकच बोलकी आहे. तीत दही आहे, उडीद आहेत, पिठाचे पदार्थ आहेत, निष्पाव म्हणजे पावटे-वालाच्या जातीचे कडधान्य आहे, आणि ‘विरूढक’ म्हणजे मोड आणलेले धान्यही आहे. हे पदार्थ कधीच खाऊ नयेत असे शास्त्र म्हणत नाही, नित्य खाऊ नयेत एवढेच म्हणते. तरीही मोड आलेल्या कडधान्याची उसळ हे ज्या समाजाचे रोजचे कालवण, आणि वालाचे बिरडे हा ज्याच्या अभिमानाचा विषय, त्या समाजाने ही यादी शिरोधार्य मानली होती असे कोणत्या तोंडाने म्हणावे? वालाचे बिरडे शास्त्राच्या दोन निषेधांत एकाच वेळी सापडते, आणि तरीही ते शिजत आले आहे.

तेव्हा शास्त्राची यादी घरात आली नाही, हे स्पष्ट आहे. मग काय आले? येथे शब्दांकडे वळले पाहिजे.

मराठीतील आहार व आरोग्यविषयक संस्कृतोद्भव शब्दांचे तीन थर पाडता येतात. पहिला थर तद्भवांचा. पेज (पेया), जाऊ (यवागू), काढा (क्वाथ), कढी (क्वथित), आणि पोटाच्या विकारातील आव (आम) हे शब्द प्राकृताच्या वाटेने, तोंडातोंडी झिजत आलेले आहेत. वैद्यकग्रंथांत मंड, पेया, विलेपी आणि ओदन अशी पातळापासून घट्टाकडे जाणारी तांदळाची परंपरा आहे. त्यांतील जो आधीचा तो अधिक हलका, असे वाग्भट सांगतो. ज्वर उतरल्यावर किंवा शोधनानंतर रोग्याला याच क्रमाने वर आणावयाचे, मग मुगाचे कढण, मग नेहमीचे अन्न. आजही आजाऱ्याला प्रथम पेज, मग मऊ भात, मग मुगाचे वरण असाच क्रम घरोघरी चालतो. हे पाहून शास्त्राची अखंड परंपरा सिद्ध झाली, असे म्हणण्याचा मोह होतो.

परंतु हा मोह आवरला पाहिजे. तद्भव शब्द पदार्थाचे सातत्य सिद्ध करतो, शास्त्राचे नव्हे. पेज चरकापूर्वीही शिजत असणार, आणि आजारी मनुष्याला पातळ अन्न द्यावे हे कळण्यास कोणत्याही समाजाला संहितेची वाट पाहावी लागत नाही. येथे देवघेवीची दिशा उलटी असण्याचाच संभव अधिक. स्वयंपाकघरातील क्रम शास्त्राने उचलला, त्याला नावे दिली, कोणते पातळ कोणत्या दोषावर हे ठरविले आणि त्याचा नियम केला. पाणिनीने लोकांना संस्कृत बोलावयास शिकविले नाही, लोक बोलत होते त्याचे त्याने व्याकरण केले. वैद्यकाच्या अन्नपानाध्यायांकडेही त्याच दृष्टीने पाहता येते. आपले इतिहासकार ग्रंथाकडून घराकडे जाणारी वाट तेवढी पाहतात. घराकडून ग्रंथाकडे जाणारी वाट अधिक जुनी आहे.

दुसरा थर अर्थांतर झालेल्या तत्समांचा, आणि शास्त्र घरात शिरल्याचा खरा पुरावा येथे सापडतो. पथ्य, लंघन, अजीर्ण, मात्रा, अनुपान, प्रकृती, स्वस्थ हे शब्द निरक्षर माणसाच्याही तोंडी आढळतात. त्यांचे रूप झिजलेले नाही, म्हणजे ते वैद्य, पुराणिक, कीर्तनकार अशा जाणत्यांच्या तोंडून आले. परंतु अर्थ हलले आहेत, म्हणजे ते आल्याला बराच काळ लोटला आहे.

‘पथ्य’ पाहा. शास्त्रात पथ्य म्हणजे हितकर, घेण्याजोगे. वाग्भटाच्या दृष्टीने मूग, तूप, डाळिंब ही पथ्ये होत. मराठीत ‘पथ्य पाळणे’ म्हणजे काही न खाणे. ‘काय खावे’ हा अर्थ ‘काय खाऊ नये’ याकडे कलला. ‘लंघना’चेही तसेच. शास्त्रात शरीरास हलकेपणा आणणारे सर्व उपचार लंघनात येतात, आणि बृंहण हे त्याचे प्रतियोगी. मराठीत लंघन म्हणजे केवळ उपाशी राहणे, आणि बृंहण शब्द बोलीत आलाच नाही. संपन्नतेचे शब्द मागे राहिले आणि काटकसरीचे तेवढे घरात आले. ज्या प्रदेशात तूप, डाळिंब आणि साळीचा भात ही सणासुदीची गोष्ट, तेथे पथ्याचा अर्थ वर्ज्याकडे कलावा हे स्वाभाविक आहे. वैद्याने ‘हे खा’ म्हटले तर ते घरात नसे, ‘हे खाऊ नको’ म्हटले तर ते पाळता येत असे. १३९६ ते १४०७ पर्यंतच्या दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण ज्या भूमीने जपली, तिच्या भाषेत हा कल पडला नसता तरच नवल.

‘मात्रा’ हा शब्द आणखी मनोरंजक. मात्राशितीयात मात्रा म्हणजे अन्नाचे माप. पुढे रसवैद्यकाचा प्रसार झाल्यावर मराठीत मात्रा म्हणजे उगाळून चाटावयाची औषधी गुटी झाली, आणि त्यावरून ‘मात्रा लागू पडणे’, ‘त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही’ असे वाक्प्रचार निघाले. खाण्याच्या मापासाठी मात्र मराठीने स्वतःचाच शब्द वापरला : ‘बेताने’. ‘वामकुक्षी’ची कथा याहून मौजेची. भोजनानंतर शंभर पावले चालून डाव्या कुशीवर आडवे व्हावे, असा सुश्रुताचा उपदेश आहे. त्यातून शतपावली व वामकुक्षी असे दोन्ही शब्द मराठीत रूढ झाले. पैकी शतपावली रात्रीच्या जेवणास चिकटली आणि वामकुक्षी दुपारच्या. ग्रीष्म ऋतू वगळता दिवसा झोपू नये, असा शास्त्राचा सर्वसाधारण दंडक असताना शास्त्रातूनच निघालेला शब्द दुपारच्या झोपेचे समर्थन करू लागला. ही मराठी बुद्धीची चतुराई समजावी की आळसाची, हे वाचकांनी ठरवावे.

‘स्वस्थ’ शब्दाने तर आरोग्याचे क्षेत्र जवळजवळ सोडलेच आहे. सुश्रुताच्या व्याख्येत दोष, अग्नी, धातू आणि मलक्रिया सम असून आत्मा, इंद्रिये व मन प्रसन्न असलेला तो स्वस्थ. मराठीत ‘स्वस्थ बस’ म्हणजे गप्प बस! आरोग्यासाठी बोलीने निवडलेला शब्द ‘प्रकृती’ हा आहे, आणि त्याच्याशेजारी ‘तब्येत’.

या जोडीकडे अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावे. ‘प्रकृती’ म्हणजे मूळ स्वभाव, घडण. आयुर्वेदात ती वातादी दोषांच्या प्रमाणावरून जन्मतः ठरते. मराठीत ‘प्रकृती कशी आहे?’ असे आपण विचारतो तेव्हा आपल्याला स्वभाव अभिप्रेत नसतो, आज बरे आहे की नाही एवढेच विचारावयाचे असते. ‘तब्येत’ हा अरबी ‘तबीअत’. त्याचाही मूळ अर्थ स्वभाव, निसर्गदत्त घडण, आणि युनानी वैद्यकात तो पारिभाषिक आहे. तोही मराठीत येऊन त्याच अर्थाला पोहोचला. दोन निरनिराळ्या वैद्यकपरंपरांतील एकाच कल्पनेचे दोन शब्द एका भाषेत आले, आणि दोघांचेही अर्थ एकाच दिशेने सरकले. १२९६ मध्ये अल्लाउद्दीनाची देवगिरीवर स्वारी झाली. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलखाने दौलताबादेस राजधानी हलविली. त्यानंतर बहमनी, निजामशाही, मोगल आणि १९४८ पर्यंत निजाम अशी राजवट या प्रदेशात चालली. या दीर्घ काळात हकीम आणि वैद्य एकाच गल्लीत बसत आले. दोघेही उष्ण-शीत आणि रूक्ष-स्निग्ध या जोड्यांत बोलत, त्यामुळे रोग्यास एकाकडून उठून दुसऱ्याकडे जाताना भाषा बदलावी लागत नसे. जुलाब, सरबत, मुरंबा, गुलकंद, खुराक हे शब्द या वाटेने मराठीत आले. मूळ गुलाबजलाचा वाचक असलेला फारसी शब्द मराठीत रेचकाचा वाचक झाला, हा त्यांतील सर्वांत विलक्षण प्रवास. आज घरातील ‘हे उष्ण पडेल’ या वाक्यामागे एकटा वाग्भट आहे असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. इब्न सीनाचाही त्यात वाटा आहे.

शास्त्रातील विचार जाणत्यांच्या तोंडून लोकांत कसा उतरला, याची एक जागा नेमकी दाखविता येते. १२९० साली, रामचंद्र यादवाच्याच राज्यात, नेवासे येथे ज्ञानदेवांनी गीतेवरील आपले भाष्य पूर्ण केले. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस, तामस आहाराचे अवघे तीन श्लोक आहेत. ज्ञानदेवांनी त्यांचा केवढा विस्तार केला आहे! राजस मनुष्याचे तिखट, खारट, कढत खाणे वर्णिताना त्यांची लेखणी विनोदाकडेही झुकते. आणि असा आहार म्हणजे देहात निजलेल्या व्याधिरूपी सर्पांना जागे करणे होय, या आशयाची प्रतिमा ते योजतात. मूळ श्लोकात ‘आमय’ हा एकच शब्द रोगाचा सूचक आहे. त्यातून एवढे चित्र उभे करणे हे वैद्यकाची सर्वसाधारण जाण असलेल्या श्रोत्यांसमोरच शक्य होते. हेमाद्रीची टीका संस्कृतात राहिली. तिच्याच काळातील, तिच्यापासून फार दूर नसलेल्या ठिकाणी झालेले हे निरूपण मात्र पुढे सात शतके घरोघरी वाचले गेले. पथ्यविचाराचा प्रसार वैद्यांपेक्षा फडांवरून आणि पारायणांतून अधिक झाला असावा, असे माझे अनुमान आहे.

याच काळातील ‘लीळाचरित्र’ रोजच्या खाण्याचे अधिक प्रत्यक्ष साधन आहे. त्यात भोजनास ‘आरोगणा’ असा शब्द येतो. आरोग्याशी त्याचे ध्वनिसाम्य मन आकृष्ट करणारे आहे खरे, पण केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभारणे भाषाशास्त्रास मानवत नाही. राजाच्या ताटाचे चित्र पाहावयाचे असल्यास एक शतक मागे, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’कडे (११२९) जावे. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मांड्यांपासून मांसाच्या नाना प्रकारांपर्यंत पाककृती आहेत आणि कोणत्या ऋतूत कोणत्या रसाचे अन्न घ्यावे हेही सांगितले आहे. ऋतुचर्या पूर्णपणे पाळणे हे राजालाच परवडणारे होते, हे तो ग्रंथ वाचताना पटते.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ गणेश नवहस्त या महाराष्ट्रीय पंडिताने ‘भोजनकुतूहल’ रचले. तंजावरच्या व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिचा त्याला आश्रय होता. परशुराम कृष्ण गोडे यांनी त्याचा काळ व ग्रंथरचना यांविषयी मूलगामी संशोधन केले, आणि ग्रंथाचा पहिला भाग १९५६ साली त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध झाला. हेमाद्रीने धर्मशास्त्र आणि वैद्यक यांसाठी दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. रघुनाथाने दोन्हींची वचने एकाच ग्रंथात आणली, आणि जिलेबीसारखे पदार्थही शास्त्राच्या चौकटीत बसवून त्यांचे गुणदोष सांगितले. संहिताकारांना ठाऊक नसलेल्या पदार्थांना गुण वाटून देण्याची ही क्रिया पुढे आपल्या आज्यांनी चालू ठेवली.

शब्दांचा तिसरा थर छापखान्याने आणला. १८८० साली डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी मुंबईस ‘अष्टांगहृदय’ छापले. त्या शतकाच्या अखेरीस गणेश कृष्ण गर्दे यांचा ‘सार्थ वाग्भट’ मराठी वाचकांच्या हाती आला. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी ‘आर्यभिषक्’ मधून घरगुती वैद्यकाचा प्रसार केला, आणि १९०७ मध्ये नाशिक येथे त्यांच्याच पुढाकाराने वैद्यसंमेलनाची सुरुवात झाली. हेमाद्रीची टीका अरुणदत्ताच्या टीकेसह अकोल्याच्या हरिशास्त्री पराडकरांनी संपादित केलेल्या निर्णयसागरच्या १९३९ च्या आवृत्तीत आज सर्वांस उपलब्ध आहे. दिनचर्या, ऋतुचर्या, विरुद्धाहार, सात्म्य हे शब्द सुशिक्षितांच्या बोलण्यात आले ते या ग्रंथांतून. त्यांचे रूप अखंड आहे आणि अर्थही हललेला नाही, यावरूनच ते अलीकडचे पाहुणे आहेत हे ओळखावे. ‘सात्म्य’ येण्यापूर्वी मराठीजवळ ‘मानवणे’ होते, आणि ‘विरुद्धाहारा’पूर्वी ‘बाधणे’. ज्यांना आजकाल परंपरेचा शब्द म्हणून ‘विरुद्धाहार’ आठवतो, त्यांच्या पणजीने तो उच्चारला असण्याचा संभव कमी.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घरात आली ती यादी नव्हे, तर तिच्यामागील रीत, आणि त्या रीतीस मी व्याकरण म्हणेन. जड-हलके, उष्ण-थंड, वातूळ-पित्तकर, मानवणारे-बाधणारे, अशा काही मोजक्या जोड्या, आणि काल, मात्रा व माणसाची घडण पाहून त्यांचा उपयोग करण्याचे नियम. भाषेचे व्याकरण जिवंत आहे की नाही हे नव्या शब्दावरून कळते. परका शब्द आला की भाषा त्याला लिंग देते, विभक्ती लावते. या आहारव्याकरणाची परीक्षाही तशीच घेता येते. पपई, बटाटा, भुईमूग, मिरची ही सारी अमेरिका खंडातून, सोळाव्या शतकापासून पुढे आपल्याकडे आली. वाग्भटाने किंवा हेमाद्रीने त्यांतील एकही वस्तू पाहिली नव्हती. तरीही पपई उष्ण, बटाटा वातूळ, शेंगदाणे पित्तकर, हे आमच्या आजीने मला वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी ठामपणे सांगितले होते. तिला अक्षरओळख नव्हती. तिने कोणते पुस्तक पाहिले नव्हते, आणि पाहिले असते तरी या वस्तू तीत मिळाल्या नसत्या. चहाला तिने उष्ण ठरविले होते आणि तरीही ती तो दिवसातून चार वेळा घेई. विचारल्यावर ‘मला मानवतो’ एवढेच उत्तर. सात्म्याच्या सिद्धान्ताचे इतके संक्षिप्त विवरण मी टीकाग्रंथांत वाचले नाही.

म्हणून ‘आजीबाईची बडबड’ म्हणणारे जसे चुकतात तसेच ‘आयुर्वेदाने वाढलेले ताट’ म्हणणारेही चुकतात. अर्थात पपईला दिलेला गुण वस्तुतः बरोबर की चूक, हा निराळा प्रश्न आहे. व्याकरणशुद्ध वाक्य खरेच असते असे नाही. गर्भारपणात किंवा दीर्घ आजारात केवळ या जोड्यांच्या आधारे निर्णय घेणाऱ्या घरांत काय अनर्थ होतात हे आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि तेथे वैद्याचा अथवा डॉक्टरचाच शब्द घ्यावा. इतिहासाच्या अभ्यासकाला एवढेच म्हणता येईल की, ही रीत घडविण्यात संहितांचा, हकिमांचा, कीर्तनकारांचा आणि चुलीपाशी बसणाऱ्या बायांचा हात होता. आणि शेवटच्या हाताची नोंद कोणत्याही ग्रंथात नाही.

हेमाद्रीने व्रते सिद्धीस जावीत म्हणून आरोग्याचा ग्रंथ लिहिला. त्याच्या राजधानीच्या परिसरात आज एकादशीला जे फराळाचे ताट मांडले जाते, त्यावर साबुदाणा असतो, जो आपल्याकडे आता बहुधा अमेरिकेतून आलेल्या एका कंदापासून तयार होतो. त्यात शेंगदाण्याचा कूट असतो, हिरवी मिरची असते, बटाटा असतो, शेजारी रताळ्याचा कीस असतो. राजगिऱ्याचे मूळही अमेरिकेकडेच दाखविले जाते. व्रतखंडाच्या कर्त्यास यांतील काहीच ओळखता आले नसते. एक वस्तू मात्र त्याने ओळखली असती. मराठवाड्यात तिला भगर म्हणतात, इतरत्र वरी किंवा वरई. वाग्भटाच्या वर्गीकरणात ती त्याच तृणधान्यांमध्ये बसेल, ज्यांना नित्य सेवनाच्या यादीत जागा मिळाली नव्हती.